जाताना १६ तास, येताना साडेचौदा: वाट एकच, मग वेळ वेगळा का?

ताईचं तिकीट निघालं की आई ते वहीत उतरवून घेते. दुधाच्या हिशोबाची जुनी वही आहे, मागच्या पानापासून विमानांसाठी. तारीख, विमानाचा नंबर, सुटायची वेळ, पोचायची वेळ आणि शेवटी गोल करून एकूण किती तास. या वेळी तिने दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. वर मुंबई ते न्यूयॉर्क, १६ तास. खाली न्यूयॉर्क ते मुंबई, साडेचौदा तास.

"अगं, वाट तीच, अंतर तेवढंच. मग येताना दीड तास गेला कुठे?"

प्रश्न इतका रास्त होता की त्याला धड उत्तर द्यायचं मी ठरवलं. आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगीत तीन घरांतली मुलं परदेशी आहेत. तिन्ही घरांत कोणी ना कोणी मोबाइलवर विमानाचं ते छोटं पिवळं चित्र बघत रात्र काढतं. ते चित्र सरळ का जात नाही, मध्येच हळू का होतं, मुंबईवर येऊनही का फिरत राहतं, हे कळलं तर निम्मी काळजी तिथेच कमी होते. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका ओलांडून अटलांटिकवर जाते. दिसायला सरळ. पण त्या रेघेने, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून खरोखर गेलं, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. खरं कमीत कमी अंतर आहे साधारण १२,५०० किलोमीटर. पट्टीच्या रेघेने जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त मोजले. मुंबईहून कोलकात्याला हवाई मार्गाने जेवढं अंतर होतं, तेवढी ही चूक.

आईला हे तोंडी पटेना. मग भाच्याच्या शाळेसाठी आणलेला पृथ्वीगोल काढला आणि शिवणाच्या डब्यातला लाल दोरा. एका टोकाला मुंबईवर तिचं बोट, दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कवर माझं. दोरा सैल होता तोवर तो अरबस्तानावर लोळत होता. जरा ताणला आणि तो आपोआप वर सरकला, सरकत सरकत थेट उत्तरेला जाऊन बसला. सौराष्ट्र, सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग हेलसिंकीच्या जरा वरून, नॉर्वे, आइसलंडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडच्या अगदी खालच्या टोकाला घासून, कॅनडाचा लॅब्राडोर, आणि मग न्यूयॉर्क. मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४० अंशांच्या जरा वर, आणि दोरा मध्ये जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढलेला. आईने दोनदा सोडून पुन्हा ताणून बघितला. दोन्ही वेळा तो तिथेच गेला.

असं का होतं? पृथ्वीचा घेर विषुववृत्तावर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. ६० अंशांवर तोच घेर निम्मा, म्हणजे २०,००० किलोमीटर होतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात रेखांशांचं अंतर १४६ अंशांहून जास्त आहे, म्हणजे जगाला जवळजवळ अर्धी प्रदक्षिणा. ती खाली, रुंद भागात घालण्यापेक्षा वर अरुंद भागात जाऊन घातली, तर चढण्या-उतरण्याचे किलोमीटर धरूनही फायदाच होतो. शाळेच्या भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात. मोसंबं मधोमध, बरोबर दोन सारखे भाग होतील असं कापलं, की सालीवर जी कड दिसते ते बृहद्वृत्त. सुरी मुंबई, न्यूयॉर्क आणि पृथ्वीचं केंद्र या तिन्हींतून गेली पाहिजे, एवढीच अट.

भिंतीवरचा नकाशा खोटा नाही, त्याचं काम वेगळं होतं. मर्केटरने १५६९ साली तो प्रकार काढला जहाजांच्या तांडेलांसाठी. होकायंत्राची दिशा धरून जाताना नकाशावर सरळ रेघ मिळावी, ही त्यांची गरज. त्यासाठी उत्तरेकडचे प्रदेश ताणावे लागले. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे, आणि ग्रीनलंड आपल्या भारताच्याही दोन-तृतीयांशच आहे. ज्या प्रदेशावरून ताईचं विमान जवळचा रस्ता काढणार, नेमका तोच प्रदेश आपल्या डोळ्यांत सगळ्यात मोठा आणि लांबचा म्हणून बसलेला असतो.

आता दोऱ्यावरची नावं पुन्हा वाचून बघा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. विमानाला आकाश मोकळं दिसत असलं, तरी खालच्या प्रत्येक देशाची वर हवाई हद्द असते, आणि तिथून जायला परवानगी लागते, पैसेही लागतात. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने हद्द बंद केली ती जुलैच्या मध्यापर्यंत. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा तोच अनुभव आला. ऑगस्ट २०२१ नंतर अफगाणिस्तानवरून जाणं अनेकांनी टाळलं. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. जून २०२५ मध्ये इराण-इस्राएल लढाईत आखातातली आकाशं काही तासांत मिटली आणि वाटेत असलेली विमानं माघारी फिरली.

यात मुंबईचं नशीब बरं आहे. आपल्या पश्चिमेला अरबी समुद्र मोकळा पडलेला. मुंबईहून निघालेलं विमान समुद्र ओलांडून ओमानच्या बाजूने, आखातावरून, तुर्कस्तान, युरोप करत अटलांटिकवर जाऊ शकतं. इस्तंबूलमार्गे मोजलं तर मुंबई ते न्यूयॉर्क १२,९०० किलोमीटरच्या आसपास होतं, म्हणजे वळसा तीन-चारशे किलोमीटरचा, अर्धा तास फार तर. दिल्लीचं तसं नाही. तिच्या दारातच पाकिस्तान. तिथली पश्चिमेची विमानं आधी गुजरातकडे खाली येतात आणि मग समुद्राला लागतात. म्हणूनच दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना २०२५ मध्ये युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. दोन्ही शहरांतल्या माणसांनी एकाच दिवशी एकाच गावाची तिकिटं काढली, तरी त्यांच्या तासांवर बंद आकाशाचा परिणाम सारखा होत नाही.

पण एवढं सांगूनही आईचा मूळ प्रश्न तसाच राहतो. वळसा जाताना पडतो तसाच येतानाही पडतो. मग दीड तास?

तो वाऱ्याने खाल्ला.

मुंबई विमानतळाच्या टी-टूच्या, म्हणजे टर्मिनल दोनच्या, आत लांब मार्गिकेत सरकते पट्टे आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ते चांगले ठाऊक असतात. पट्ट्यावर उभं राहून आपण नेहमीच्याच चालीने चाललो, तर शेजारच्या फरशीवरून चालणाऱ्यांना भराभर मागे टाकतो. पाय तेवढेच उचलतो, दम तेवढाच लागतो. पट्टा आपल्याला पुढे नेतो म्हणून लवकर पोचतो. त्याच पट्ट्यावर कोणी उलट्या दिशेने चालायला लागलं, तर तीच चाल, तेच कष्ट, आणि प्रगती अर्धी. मोठी विमानं हवेत ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास वेगाने उडतात. १०-११ किलोमीटर उंचीवर, उणे ५० अंशांच्या थंडीत, हा वेग ताशी ९०० किलोमीटर भरतो. हा वेग भोवतालच्या हवेच्या हिशोबाने आहे. आणि ती हवाच सरकत्या पट्ट्यासारखी पूर्वेकडे धावत असेल तर?

ती धावतेच. तिला जेट प्रवाह म्हणतात. पृथ्वीबरोबर विषुववृत्तावरची जमीन आणि हवा ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असते. ६० अंशांवर जमिनीचा वेग निम्मा, सुमारे ८३५. उष्ण प्रदेशात तापून वर गेलेली हवा ध्रुवाकडे निघते, तेव्हा मूळचा वेग सोबत घेऊन निघते. खालची जमीन हळू होत जाते आणि ही हवा तिच्या पुढे पळायला लागते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. त्यात उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची गरम हवा जिथे समोरासमोर येतात, तिथे हा प्रवाह आणखी जोर धरतो. शंभर-दोनशे किलोमीटर ताशी वेग सर्रास, कधी तीनशेच्याही वर. थंडीत तापमानातला फरक वाढतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत जोर जास्त.

या वाऱ्याची मोजणी पहिल्यांदा केली जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी, १९२०च्या दशकात, आकाशात फुगे सोडून. आपला शोध जगभर कळावा म्हणून त्यांनी १९२६ साली तो एस्पेरांतो या नव्याने घडवलेल्या भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बाँबफेकी विमानं जपानवर याच वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे बाकीच्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे पावसाळ्यात दक्षिण भारतावर एक उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जेट प्रवाह असतो. त्यावर पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये लिहिलं. त्याचा आपल्या मोसमी पावसाशी जवळचा संबंध आहे.

वाऱ्याची ताकद किती, याचं एक उदाहरण पुरेसं आहे. ८ फेब्रुवारी २०२०च्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं एक जंबो विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. त्या रात्री अटलांटिकवर वादळ होतं आणि विमानाचा जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला. एवढा वेग ध्वनीपेक्षा जास्त होतो. तरी ध्वनीची भिंत फुटली नाही, कारण हवेच्या आत ते नेहमीच्याच चालीने उडत होतं. पट्टा वेगात होता.

म्हणून वैमानिक न्यूयॉर्कहून येताना जेट प्रवाह शोधत जातात आणि जाताना तो चुकवत जातात. अटलांटिकवरचे मुख्य हवाई रस्ते तर रोज दोनदा नव्याने आखले जातात, त्या दिवसाचा वारा बघून: एकदा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, एकदा पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. काल ताईची मैत्रीण आइसलंडजवळून गेली आणि आज ताई बरीच खालून गेली, तर घाबरायचं काही नसतं. वारा बदलला.

इथे एक गणित आईला फार आवडलं. समजा वारा सरासरी ताशी १०० किलोमीटर आहे. जाताना ९०० मधून १०० गेले, ८०० उरले: १२,५०० किलोमीटरला साडेपंधरा तासांहून थोडे जास्त. येताना ९०० अधिक १००, म्हणजे १,०००: साडेबारा तास. वारा नसताच तर दोन्हीकडे चौदाला थोडे कमी. म्हणजे जाताना पावणेदोन तास गेले आणि येताना मिळाले फक्त सव्वातास-दीड तास. वारा जेवढं घेतो तेवढं परत देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो. प्रत्यक्षात वाटभर एवढा वारा नसतो, वळसेही असतात, म्हणून तिकिटावरचा फरक दीड तासावर येतो.

"पण पृथ्वी फिरते ना?" हे शेजारच्या काकांनी विचारलं. हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क आपल्याकडेच येतंय, मग जाताना कमी वेळ लागायला हवा. काकांनी तीस वर्षं घाटकोपर-सीएसएमटी केलंय, म्हणून त्यांना लोकलचंच सांगितलं. गाडी कुर्ला सोडून वेगात असताना तुम्ही डब्यात जागच्या जागी उडी मारली, तर मागच्या डब्यात पडता का? तिथेच पडता, कारण तुम्ही आणि डब्यातली हवा गाडीबरोबरच धावत असता. विमानाचंही तेच. मुंबईच्या धावपट्टीवर उभं असतानाच ते पृथ्वीबरोबर ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटरने पूर्वेकडे चाललेलं असतं, आणि उडाल्यावरही तो वेग त्याच्या अंगात असतोच. पृथ्वीच्या फिरण्याचा हिशोबात वाटा आहे तो वाऱ्याच्या रूपाने.

आता घरच्या घरी अंदाज कसा काढायचा ते. दोन शहरांमधलं बृहद्वृत्तावरचं अंतर इंटरनेटवर लगेच मिळतं. पश्चिमेला जायचं असेल तर त्याला ८०० ने भागा, पूर्वेला यायचं असेल तर ९०० ने, आणि वर अर्धा तास चढ-उतारासाठी धरा. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर: जाताना ९ अधिक अर्धा, साडेनऊ तास. येताना ८ अधिक अर्धा, साडेआठ. तिकिटावरचे आकडे याच्या थोडे मागेपुढे सापडतील. न्यूयॉर्कला लावून बघा, १६ आणि साडेचौदाच्या जवळ येतं. तिकिटावर थोडं जास्त दिसलं तर त्याचं एक कारण असं की तिथे गेट सोडल्यापासून गेट लागेपर्यंतचा वेळ लिहिलेला असतो. धावपट्टीच्या रांगेतली वीस-पंचवीस मिनिटंही त्यात येतात.

हा आकडा किती बदलला आहे! ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' नावाचं एअर इंडियाचं विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हा अशा दोन ठिकाणी थांबून १० जूनला पोचलं. १४ मे १९६० ला मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू झालं, तेही बोइंग ७०७ हे जेट आल्यामुळे. अंतर तेव्हाही तेवढंच होतं.

उरलं घड्याळ. विमान पहाटे २ ला मुंबईहून निघतं, १६ तासांनी पोचतं, आणि ताईचा मेसेज येतो की सकाळचे साडेसात वाजलेत, त्याच तारखेचे. पहिल्या खेपेला आईने बोटं मोजली आणि साडेपाच तास आले. हिशोब असा: पहाटे २ अधिक १६, संध्याकाळचे ६ आपल्याकडे. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. सहातून साडेदहा वजा, सकाळचे साडेसात. येताना उलट. दुपारी साडेबाराला निघाली, साडेचौदा तासांनी तिथले पहाटेचे ३, त्यात साडेदहा मिळवले की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचा दीड. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. मधल्या महिन्यांत फरक साडेनऊ तासांचा.

हा अर्ध्या तासाचा शेपटा आपल्या वेळेमुळे येतो. मिर्झापूरजवळून जाणारा साडेब्याऐंशी अंशांचा रेखांश आपण प्रमाण धरला, तो ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. १९०६ मध्ये ही वेळ देशाला लागू झाली तेव्हा मुंबईने ती सहजी घेतली नाही. सूर्याच्या हिशोबाची 'बॉम्बे टाइम' ३९ मिनिटं मागे होती, आणि शहरातली काही घड्याळं १९५५ पर्यंत तीच दाखवत राहिली. आईच्या आजोबांच्या घरी म्हणे दोन्ही वेळा सांगायची पद्धत होती. आज आमच्या स्वयंपाकघरातही दोन घड्याळं आहेत, दुसऱ्याखाली आईने 'ताई' असं लिहून चिकटवलंय.

लंडनसाठी तर वेगळं घड्याळही नको. हिवाळ्यात आपलं काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरलं की लंडनची वेळ जवळपास कळते.

परवा ताई आली. आई दुपारी एकलाच गच्चीवर. घाटकोपरच्या आमच्या गच्चीवरून उतरणारं विमान इतकं खाली दिसतं, की पोटावरच्या पत्र्याचे जोड मोजावेत. मोबाइलवरचं पिवळं चित्र समुद्रावरून मुंबईवर आलं आणि न उतरता शहर ओलांडून पूर्वेला निघून गेलं. आईचा चेहरा उतरला. "समुद्राकडून आली होती गं, मग ठाण्याकडे कुठे चालली?"

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी सहसा एकच वापरता येते आणि विमानांना रांगेत यावं लागतं. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस देखभालीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही बंद असतात, ते तिकीट काढतानाच बघून ठेवावं. आणि विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. समोरचा वारा पंखांना उचलून धरतो, त्यामुळे जमिनीला टेकताना वेग कमी ठेवता येतो आणि धावपट्टी कमी लागते. मुंबईत बहुतेक वेळा वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. म्हणून पश्चिमेकडून आलेलं विमानही शहराला वळसा घालून पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येतं. अमेरिकेला जाताना ताईचे तास खाल्ले तो पश्चिमेचा वारा. गच्चीवरून दिसतं तेव्हा तसाच पश्चिमेचा वारा तिला अलगद खाली उतरवत असतो.

बारा मिनिटांनी ते चित्र वळलं. मग आवाज आला, आणि मग चाकं काढलेलं ते भलंमोठं पांढरं पोट पाण्याच्या टाकीवरून गेलं. आईने हात केला. जिन्याने उतरताना ती वहीत लिहित होती: उतरली १.२०, इमिग्रेशन आणि बॅगा एक तास, रिक्षा अर्धा तास, भात पावणेतीनला लावणे.